अमेरिकाना ऐकताय? आधी साथीला कोण ते बघा

सवाईला जाणारा पुणेकर कार्यक्रमपत्रिका हातात आली की गायकाच्या नावाखाली नजर टाकतो. तबल्यावर कोण, पेटीवर कोण? अमेरिकेतल्या स्वतंत्र कलाकारांचं नवं अमेरिकाना आणि रूट्स संगीत शोधतानाही हीच सवय उपयोगी पडते. 'अमेरिकाना' हे लेबल फार ढगळ आहे. कंट्री, फोक, ब्लूज, ब्लूग्रास, गॉस्पेल, सगळं त्यात मावतं. ॲपमध्ये नुसता हा शब्द टाकलात तर आधीच गाजलेली मंडळीच पुढे येतात. नवं काही हवं असेल तर श्रेयनामावली वाचायला लागते.

सुरुवात आवडलेल्या एका अल्बमपासून करा. बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट संगीत विकत घेण्याच्या संकेतस्थळावर अल्बमच्या पानावर गाण्यांच्या यादीखाली बहुतेकदा क्रेडिट्स दिलेले असतात. तिथून तीन गोष्टी वहीत उतरवा : फिडल (व्हायोलिन), बॅन्जो, पेडल स्टील (पायपट्ट्या असलेली आडवी गिटार) कोणी वाजवलं, निर्मिती कोणाची आणि ध्वनिमुद्रण कुठल्या स्टुडिओत झालं. मग एकेक नाव शोधा. नॅशव्हिलसारख्या शहरात साथीदार मंडळी वर्षभर एकमेकांच्या रेकॉर्डवर वाजवत असतात. पेडल स्टील वाजवणाऱ्या एकाच माणसाचा माग काढलात तरी चार-पाच अनोळखी गायक सापडतात. छोट्या लेबलांचंही, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांचंही, तसंच. बॅन्जोवादक ॲलिसन ब्राउन आणि गॅरी वेस्ट यांनी १९९५ मध्ये काढलेलं कंपास, नॉर्थ कॅरोलायनातलं येप रॉक, मॅसॅच्युसेट्समधलं सिग्नेचर साउंड्स, ही सुरुवातीला पुरेत. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांच्यासारखे काहीजण तर स्वतःचंच लेबल चालवतात, त्यांचं अकोनी. लेबलच्या पानावर 'फॉलो' केलंत की नवा अल्बम आला की ईमेल येतो. दहा-बारा लेबलांपुढे जाऊ नका, नाहीतर ईमेल उघडणंच बंद होईल.

बँडकॅम्पवर टॅग (संगीतप्रकाराचं नाव) टाकून शोधताना 'अमेरिकाना' सोडा. रोमन अक्षरांत 'ओल्ड-टाइम' (old-time, जुनं ग्रामीण लोकसंगीत), 'ॲपलेशियन' (appalachian, त्या नावाच्या डोंगररांगांतलं), 'स्ट्रिंग बँड' (string band, तंतुवाद्यांचा ताफा), 'केजन' (cajun, लुइझियानातल्या फ्रेंच भाषकांचं) असे नेमके टॅग टाइप करा आणि यादी नव्यापासून जुन्याकडे लावा. वाद्याच्या नावानं शोधताना मात्र जपून. देवनागरीत 'बेंजो' लिहिलंत तर गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी समोर येईल, आणि तो बेंजो म्हणजे बटणांचा बुलबुल तरंग. अमेरिकन बॅन्जो वेगळा : पातळ पडदा ताणलेलं गोल खोड, बहुधा पाच तारा, आणि मूळ गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यांत. वाजवण्याच्या दोन ढंगांतला फरक कानाला कळला की टॅग निवडणं सोपं जातं. नखानं तारेवर खाली आघात करत, अंगठ्यानं पाचवी तार छेडत चालणारा झुलता ठेका म्हणजे क्लॉहॅमर, तो ओल्ड-टाइममध्ये मिळेल. बोटांत पिक्स (सतारीच्या नखीसारख्या) घालून तीन बोटांनी काढलेली सुरांची सलग सर म्हणजे ब्लूग्रास.

नवे अल्बम शुक्रवारी येतात. १० जुलै २०१५ पासून बहुतेक जगभर हीच पद्धत आहे. स्ट्रीमिंगवर ते बहुधा त्या त्या देशातल्या मध्यरात्री उघडतात, त्यामुळे गुरुवारी रात्री बाराला पुण्यात अल्बम वाजायला लागतो तेव्हा खुद्द नॅशव्हिलमध्ये गुरुवारची दुपार असते आणि तिथल्या लोकांना अजून थांबायचं असतं. अल्बमआधी दोन-चार गाणी सुटी सोडतात. प्रत्येक सुटं गाणं टिपत बसलात तर एकच अल्बम वहीत चारदा येईल. म्हणून अल्बमचं नाव आणि तारीखच टिपा. पुनर्मुद्रणंही 'नवीन'मध्ये घुसतात. वर्तुळातल्या 'पी' (℗) या खुणेपुढचं साल बघा, ते ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं असतं. रीमास्टर केलेल्या, म्हणजे आवाज नव्यानं सुधारलेल्या रेकॉर्डवर कधीकधी तिथेही ताजं साल पडतं, तेव्हा गाण्याच्या नावाशेजारच्या कंसात काय लिहिलंय तेही वाचा.

नॅशव्हिलच्या अमेरिकाना म्युझिक असोसिएशनचा रेडिओ चार्ट दर आठवड्याला येतो. तो खालून वर वाचा. वरच्या दहांत ओळखीची नावं असतात, नवखी स्वतंत्र मंडळी तळाशी. थेट मैफल ऐकायची असेल तर नॉक्सव्हिलचं डब्ल्यूडीव्हीएक्स हे रेडिओ केंद्र इंटरनेटवर लावा. तिथला दुपारी बाराचा 'ब्लू प्लेट स्पेशल' आपल्याकडे रात्री ९:३० ला लागतो, अमेरिकेतल्या हिवाळ्यात १०:३० ला. जेवणं उरकून बसायला उत्तम वेळ.

अलीकडची डोकेदुखी म्हणजे यंत्रानं (एआयनं) बनवलेली खोटी 'कंट्री' गाणी. ओळखायची खूण पुन्हा तीच, साथीला कोणाचंच नाव नसतं. महिन्याला दोन-दोन अल्बम, दौऱ्याच्या तारखा नाहीत, प्रत्यक्ष वाजवतानाचा एकही व्हिडिओ नाही. यातलं एकच लक्षण असेल तर घाई करू नका, कारण घरात बसून एकट्यानं रेकॉर्ड करणारे खरे कलाकारही असतात. सगळीच असतील तर ते नाव सोडून पुढे चला.

आवडलं तर विकत घ्या. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं, पेमेंटचा खर्च वेगळा. 'बँडकॅम्प फ्रायडे'ला ते आपला वाटा सोडतं. हा प्रकार मार्च २०२० मध्ये सुरू झाला, तो दर महिन्याला नसतो, तारखा आधी जाहीर होतात. दिवस मोजला जातो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानं. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी १२:३० ते शनिवारी दुपारी १२:३०, आणि तिथली उन्हाळी वेळ संपल्यावर, नोव्हेंबर ते मार्च, १:३० ते १:३०. शुक्रवारी सकाळी उत्साहानं खरेदी केलीत तर कलाकाराला नेहमीइतकेच पैसे मिळतात. ही चूक सर्रास होते. शनिवारी मिसळ खाऊन आलात तरी वेळ असतो.

पेमेंट अडलं तर बहुतेकदा कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर ते मुळात बंदच येतात. बँकेच्या ॲपमध्ये सुरू करा, मर्यादा लहान ठेवा, काम झालं की बंद करा. फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ती जादा रक्कम, ३.५ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के होतात, १० डॉलरला सुमारे ४१ सेंट. डाउनलोड फ्लॅकमध्ये घ्या, या फाइलमध्ये आवाजाचा दर्जा जराही घटत नाही. चाळीस मिनिटांचा अल्बम सीडीच्या दर्जात साधारण २००–३०० एमबी होतो, ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये शंभरच्या आत. ब्लूटूथवरच ऐकणार असाल तर एमपी३ पुरे. पण मूळ प्रत फ्लॅकचीच ठेवा, एमपी३ त्यातून कधीही करता येते, उलट नाही.

एलपी (व्हिनाइल रेकॉर्ड) मागवण्याआधी टपालखर्च बघा. अमेरिकी टपालखात्याच्या 'मीडिया मेल'चा स्वस्त दर अमेरिकेपुरताच असतो. भारतात पाठवताना खर्च कधीकधी रेकॉर्डच्या किमतीएवढा होतो, वर सीमाशुल्क आणि कुरिअरचं केवायसी. दोन-तीन रेकॉर्ड एकाच लेबलकडून एकत्र मागवल्यात तर नगामागे खर्च उतरतो. आलेली रेकॉर्ड कागदी पिशवीतून काढून अँटिस्टॅटिक प्लॅस्टिकच्या आतल्या पिशवीत घाला, उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पुण्यात जून ते सप्टेंबर त्या भिंती ओल धरतात आणि बुरशी आधी पुठ्ठ्याच्या कव्हरला लागते, मग खाचांत उतरते.