गरम इस्त्रीचा गाऊन थेट ड्रममध्ये घालू नका

इंदुरात सीएसएसडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण खात्यात, कामाला लागून पंधरा दिवस झाले होते. मे महिना, हवा कोरडीठक्क. गच्चीवर खडखडीत वाळलेल्या लिननवर मी कडक इस्त्री फिरवली आणि गरम गरम गाऊन ड्रममध्ये, म्हणजे वाफेच्या मशीनमध्ये ठेवायच्या छिद्रांच्या डब्यात, भरले. सीनियर खूश. १२१ अंश, १५ पौंड दाब, २० मिनिटं, गेज चोख. ड्रम उघडला तर मधल्या घड्या पिवळट, करकरीत, जळका वास. वरच्या इंडिकेटर टेपवरच्या, ताप लागला की काळ्या होणाऱ्या रेघा मात्र काळ्याभोर! सगळा लोड बाद.

सगळ्यांनी मशीनवर ढकललं. मशीन ठीक होतं, घोळ माझ्या इस्त्रीचा.

नीट ऐका, मी इथंच फसलो. वाफेची ताकद तिचं पाणी होण्यात आहे. १२१ अंशांची एक किलो वाफ कापडावर पाणी झाली की साधारण २२०० किलोज्यूल उष्णता सोडते. तीच वाफ नुसती दहा अंशांनी निवली, तर जेमतेम वीस-बावीस. सुती कापडात एरवी वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा असतो. तो उडवलात की तहानलेला धागा वाफच पितो आणि पिताना स्वतः तापतो. घडीच्या आतलं तापमान वाफेच्याही वर जातं, मग तिथली वाफ पाणी होईना, गरम हवेसारखी वागते. गरम हवेनं निर्जंतुक करायला १६० अंश आणि दोन तास लागतात. आपण देतो २० मिनिटं. कापड करपतं, बीजाणू, म्हणजे जंतूंची चिवट रूपं, वाचू शकतात. आपल्याकडे पोहेसुद्धा भिजवल्याशिवाय कुणी वाफेवर ठेवत नाही!

धुतलेलं लिनन सावलीत वाळवा, रात्रभर खोलीत मोकळं पसरा, सकाळी घड्या घाला. पाणी शिंपडायची आयडिया मलाही सुचली होती. ड्रम ओला निघाला.

'दाबून भरा, एका फेरीत उरकेल' म्हणणारे गुरू प्रत्येक खात्यात भेटतात. त्यांना नमस्कार करा आणि ड्रम सैल भरा, छिद्रं उघडी ठेवा. निम्मी हवा आत अडकली तर गेज १५ पौंडच दाखवतो, तापमान मात्र ११२च्या आसपास.

घाबरू नका. फिजिक्समध्ये मी काठावर पास, मला जमलं. सुरकुतलेला गाऊन बघून सर्जन नाक मुरडतील. परवा एकानं विचारलंच, 'इस्त्रीवाला सुट्टीवर का?' मी हो म्हटलं.