आरोपीला काहीच आठवत नाही : थरारकथा लिहिणाऱ्यांसाठी, मुन्शीच्या टेबलावरून

२००९ च्या पावसाळ्यात कामठी रोडवर मी स्कूटरवरून पडलो. डोक्याला सात टाके. संध्याकाळी साडेसहा ते रात्री अकरा, एवढा वेळ माझ्यापुरता झालाच नाही. बायको सांगते, शुद्धीवर आल्यावर मी दर पाच मिनिटांनी विचारायचो, "गाडी कुठं आहे?" ती म्हणायची, "भावजींनी घरी नेली." मी म्हणायचो, "बरं." आणि पुन्हा, "गाडी कुठं आहे?"

धाकट्या भावानं सांगितलं, काळं कुत्रं आडवं आलं. पुढची अकरा वर्षं ते कुत्रं मी भेटेल त्याला सांगितलं. उजवीकडून आलं, शेपूट आत घातलेली, एक कान फाटका. लॉकडाउनमध्ये कपाट आवरताना विम्याच्या फाइलीत त्या अपघाताचा घटनास्थळ पंचनामा सापडला. आयुष्यभर दुसऱ्यांचे पंचनामे वाचले, स्वतःचा कधी उघडून पाहिला नव्हता. "रोडवर पसरलेल्या गिट्टीवरून वाहन घसरून." कुत्र्याचं नावसुद्धा नाही. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे दादा, मी म्हणलो होतो कुत्रं-बित्रं आलं असंन. मी काय पाहाले होतो तिथं?"

तरी मला ते कुत्रं आजही दिसतं. फाटक्या कानासकट.

हे आधी सांगितलं कारण बाकीचं सगळं यातूनच निघतं. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात एका फौजदारी वकिलांकडे मुन्शी होतो. वकालतनामे, नकला, तारखा आणि साहेबांचा चहा. आता रिकामा आहे, दिवाळी अंकांत रहस्यकथा लिहितो, म्हणून मुलं-मुली आपापले खर्डे वाचायला आणून देतात. स्मृती गेलेल्या आरोपीची गोष्ट यात दर वर्षी दोन-तीन तरी असतेच, आणि शेवट बहुतेक एकच: नायकाला काहीतरी दिसतं, डोक्यात लख्ख प्रकाश पडतो, सगळी रात्र आठवते, खरा खुनी सापडतो. मी तिथं लाल पेनानं एवढंच लिहितो: कुत्रं. ज्या आठवणीवर तुम्ही शेवट टांगता, तीच सगळ्या गोष्टीत कच्ची खुंटी असते.

तर लिहायला बसण्याआधी पहिलं काम, नायकाची स्मृती नेमकी कशानं गेली ते ठरवा. "डोक्यावर मार बसला" एवढं पुरत नाही. डोक्याला मार लागला की माणूस सहसा स्वतःचं नाव, आई, शाळा विसरत नाही. जातो तो माराच्या आधीचा थोडा वेळ आणि नंतरचा काही वेळ. नाव-गाव सगळं विसरून परक्या शहरात सापडणारे लोक असतात, पण फार विरळा, आणि त्यामागं बहुधा डोक्याचा मार नसून मनावरचा घाव असतो. आणखी एक प्रकार पन्नाशी-साठीच्या पात्रासाठी फार कामाचा आहे. धडधाकट माणूस अचानक काही तास नवीन काहीच लक्षात ठेवू शकत नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, चोवीस तासांच्या आत ठीक होतो, पण मधले तास परत येत नाहीत. तेवढ्या तासांत त्याच्या घरात कोण येऊन गेलं? गोष्ट तिथंच उभी राहते.

पण थरारकथेला सगळ्यात जास्त लागतो तो दारूचा प्रकार, आणि तोच सगळ्यात चुकीचा लिहिला जातो. खूप दारू भराभर पोटात गेली की माणूस चालतो, बोलतो, बिल देतो, गाडीसुद्धा चालवतो, फक्त मेंदू ते साठवत नाही. आठवण कपाटात बंद नसते, ती मुळात लिहिलीच गेलेली नसते. कोऱ्या कागदावर कितीही उजेड पाडा, अक्षर उमटणार नाही. थोडे तुकडे राहतात कधी कधी, तेवढे वापरा. पण पूर्ण कोरी रात्र असलेला नायक विसाव्या प्रकरणात "आठवलं!" म्हणून ओरडला, तर ती आठवण त्याला कुणीतरी दिली आहे. मग लेखकानं शोधायचं ते हेच, की कुणी दिली.

१९५३ साली अमेरिकेत एका तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी साठवायला लागणारा भाग काढला. हेन्री मोलेसन त्याचं नाव, २००८ साली वारला. पुढचं सगळं आयुष्य त्याला नवीन गोष्ट लक्षात राहिली नाही. पण आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तर दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला, आणि दर दिवशी तो म्हणायचा की हे मी कधी केलेलं नाही. हातांची आठवण वेगळी असते. समजा तुमच्या नायकाला इतवारीतल्या एका गोदामापुढं उभं केलं. ही जागा मी पाहिलेलीच नाही, असं तो शपथेवर सांगतो. आणि शटरचं कुलूप अडकतं तेव्हा त्याचा हात आपोआप ते डावीकडं दाबून किल्ली अर्धी मागं ओढतो. कुलूप उघडतं. हवालदार बघत असतो. लिहा ते, आणि प्रकरण तिथंच थांबवा. तो इथं पूर्वी आला होता एवढंच कळलं. त्या रात्री आला होता हे कुठं कळलं?

आता चौकशी. इथं घाई करू नका, थरारकथेतला सगळ्यात भयानक प्रसंग हा असतो, आणि त्यासाठी मारझोड लागत नाही. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर या संशोधकांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता, आणि काहींना, गाड्यांचा "चुराडा झाला" तेव्हा किती होता. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? फितीत काच नव्हतीच. "चुराडा" ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जण हो म्हणाले, "लागल्या" ऐकलेल्या पन्नासांपैकी सात. एका शब्दानं काच पेरली. माझ्या भावानं कुत्रं पेरलं तसंच. आता हे पोलीस ठाण्यातल्या खोलीत आणा:

"सावजी हॉटेलातून निघून तू त्याच्या मागं गेला, तवा गल्लीत लाइट होता का?"

"आठवत नाही साहेब."

"होता का नव्हता?"

"नव्हता... वाटते."

जमादार लिहितो: गल्लीत अंधार होता.

प्रश्नात काय लपलं आहे ते बघा. लाइटचं विचारलं, पण "मागं गेला" हे फुकटात मान्य करून घेतलं. दुसऱ्या दिवशी हाच नायक वकिलाला स्वतःहून म्हणतो, "अंधार होता, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला नाही." तिसऱ्या दिवशी त्याला त्या माणसाच्या पाठीवरचा शर्ट दिसायला लागतो. तुम्ही एक शब्द खोटा लिहिला नाही, पोलिसांनीही हात उचलला नाही, आणि निर्दोष माणूस स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःला खून करताना पाहू लागला. एक सांभाळा: जमादाराला खलनायक करू नका. त्याला खरंच वाटतं की हाच आहे. दोन रात्री तो घरी गेलेला नाही, पोरीची परीक्षा आहे.

नायकाला स्वतःवर संशय यावा यासाठी मात्र त्याच्याकडं दुसरा एखादा खरा, लहानसा गुन्हा हवा. मेलेल्या माणसाचे पैसे बुडवले असतील, त्याच्या बहिणीला शब्द देऊन फिरवला असेल, महालातल्या चौकात चार लोकांपुढं "तुले पाहून घेतो" म्हणाला असेल. काहीच न केलेला माणूस "मी असं करूच शकत नाही" म्हणतो आणि गोष्ट संपते. ज्याच्या मनात एकदा तरी ते येऊन गेलं, तोच रात्रभर छताकडं बघतो.

कायद्याचं मी वकिलासारखं सांगणार नाही, पण दोन-तीन गोष्टी चुकवल्या तर आमच्यासारखे वाचक पुस्तक खाली ठेवतात. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा नाही. अटकेपासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. नार्को चाचणी संमतीशिवाय नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे, त्यामुळं "इंजेक्शन देऊन सगळं वदवून घेतलं" हे प्रकरण फाडून टाका. आणि "मला आठवत नाही" हा बचाव नाही. स्वतःहून दारू प्यायला असेल, तर शुद्धीतल्या माणसाला जी जाणीव असती ती याला होती असंच कायदा धरतो. त्याच्या नकळत कुणी पेल्यात काही घातलं असेल आणि आपण काय करतो हेच त्याला कळत नसेल, तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हे कलम २३ आणि २४ आहे, त्याआधीची कथा असेल तर भादंवि ८५ आणि ८६. म्हणजे पेला कुणी भरला, या एका प्रश्नावर जन्मठेप की सुटका. असा प्रश्न सापडला की कादंबरीचा कणा सापडला.

सगळ्यात गोड खाचखळगा मात्र मेमोरेंडम पंचनाम्यात आहे. कबुली चालत नाही, पण आरोपीनं सांगितल्यामुळं एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढाच भाग चालतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये. आम्ही अजूनही "सत्तावीसचा पंचनामा" म्हणतो. त्याची भाषा ठरलेली: "मी लपवून ठेवलेला चाकू काढून देतो, माझ्यासोबत चला." आता विचार करा. त्या रात्रीचं काहीच न आठवणारा आरोपी, त्याच्या सहीचा असा पंचनामा, आणि नाग नदीच्या काठावर झुडपात खरंच सापडलेला चाकू. मग जागा कुणाला आठवत होती? उलटतपासणीत वकिलानं आवाज न चढवता एवढं एकच विचारावं.

वेग हवा असेल तर पाठलाग कमी करा आणि पुरावा पुसला जाऊ द्या. रक्तातली दारू तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅमनं उतरते. रात्री बाराला १५० असेल, तर सकाळी दहापर्यंत जवळपास काही उरत नाही. नायक सकाळी आठला शुद्धीवर आला, बहीण रक्त तपासायला त्याला घेऊन मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात निघाली, आणि व्हरायटी चौकात मोर्चा लागला, की झाला पाठलाग. दुकानाच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर जागा भरली की जुनं पुसून नवं चढतं. खुनाच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून नव्वदावा दिवस दोन्ही बाजूंना माहीत असतो. प्रकरणं लहान ठेवा. प्रत्येकाच्या शेवटी कागद नाहीतर वस्तू: दोन ताटांचं सावजीचं बिल, पार्किंगची चिठ्ठी, रात्री ११.४२ चा यूपीआयचा मेसेज. एक कागद त्याला आत टाकेल, पुढचा बाहेर काढेल.

आणि नागपूर नागपूरच असू द्या. एक खर्डा माझ्याकडं आला होता, नायक मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीत शांतपणे फिरत होता. पंचेचाळीस डिग्रीत इथं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही (बघा, पुन्हा कुत्रं). त्याऐवजी तोच उन्हाळा साक्षीदाराला द्या. शेजारीण शपथेवर सांगते, ओरडणं ऐकू आलं नाही, आणि ती खोटं बोलत नाही: खिडकीत मोठा कूलर घरघरत होता. हिवाळ्यात मारायचं असेल तर डिसेंबरचं अधिवेशन घ्या. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले पोलीस बंदोबस्ताला, त्यांना महालाच्या गल्ल्या माहीत नाहीत.

माझा स्वतःचा आवडता दिवस मारबतीचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, सगळे मोठाले पुतळे, गर्दीत खांद्याला खांदा, आणि सगळं गाव ओरडतं, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" वर्षभराचं वाईट एका पुतळ्यावर घालायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. तुमच्या नायकाला त्या गर्दीत उभं करा, अंगावर कुणाचा तरी गुलाल, शर्टाच्या बाहीवर डाग, तो डाग कसला ते त्याला माहीत नाही. अर्थ समजावून सांगू नका. नागपूरचा वाचक समजून घेईल, बाहेरच्याला गर्दी पुरेल.

शेवटाबद्दल मी दोन शेवट चालवून घेतो. एक, कागद सांगतात की त्यानं केलं नाही, पण त्याच्या डोळ्यांसमोर अजून तो अंधार आणि तो शर्ट आहे, आणि सुटून आल्यावरही तो त्या गल्लीतून जात नाही. दुसरा, कागद सांगतात की त्यानंच केलं, आणि त्याला शेवटपर्यंत काहीच आठवत नाही. शिक्षा कुणाला होते आहे हे त्याला कळत नाही. तिसरा कुणाला सुचला तर आणून दाखवा.

खर्डा झाला की घरच्या एखाद्याला मोठ्यानं वाचून दाखवा. त्या दिवशी जवळपास असलेल्या माणसाला दाखवला तर आणखी चांगलं. हे लिहिलेलं मी काल बायकोला वाचून दाखवलं. गिट्टीपर्यंत ती मुकाट ऐकत होती. मग म्हणाली, "सगळं बरोबर आहे हो, पण काळं कुठून आणलं? पांढरं होतं ते."