केळीच्या सालीचा गंजरोधक: पहिल्या वर्षी हाताला लागलेलं

आमचं घर रावेरच्या केळीपट्ट्यातलं. जळगावला पीएचडीला लागले, तेव्हा घरचीच केळीची साल विषयात आली. पोलादावरची खपली (ऑक्साइडचा थर) काढायला कारखान्यात ते हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात. त्याला पिकलिंग म्हणतात. खपलीबरोबर आम्ल चांगलं लोखंडही खातं, म्हणून त्यात इनहिबिटर, म्हणजे गंजरोधक, घालतात. प्रचलित इनहिबिटरमधलं प्रोपार्जिल अल्कोहोल विषारी. सालीतली टॅनिनं पोलादावर चिकटून बसतात आणि आम्लाची वाट अडवतात.

नव्याने येणाऱ्यांनो, आधी वजन-घट पद्धत (आम्लात बुडवण्याआधी आणि नंतर तोलून किती धातू गेला ते पाहणं) हातात बसवा, पोटेन्शिओस्टॅट (गंज विजेच्या मोजमापाने तपासणारं यंत्र) नंतर. कूपन, म्हणजे पोलादाचा छोटा तुकडा, 400 पासून 1200 नंबरपर्यंतच्या एमरी पेपरवर क्रमाने घासायचं, ॲसिटोनने धुवायचं, डेसिकेटरमध्ये (ओल न लागू देणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायचं आणि 0.1 मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचं. घासल्यानंतर बोट लावायचं नाही, चिमटाच. समजा नुसत्या आम्लात 120 मिलिग्रॅम घट झाली आणि सालीचा अर्क घातल्यावर 18, तर कार्यक्षमता 85 टक्के. हा आकडा कधीच एकटा लिहू नका. अर्काचं प्रमाण, वेळ आणि तापमान शेजारी हवंच.

तापमानाने मला फार रडवलं. मे महिना होता. नुसत्या आम्लातली कूपनं मी सकाळी बुडवली, अर्कातली दुपारी. दुपारच्या उकाड्यात आम्ल जोरात खात होतं, त्यामुळे अर्क उगाच कमकुवत ठरला. तीन आठवड्यांची रीडिंग वहीतून खोडली. दोन्ही एकाच वेळी, एकाच वॉटर बाथमध्ये (ठरलेल्या तापमानाच्या पाण्याच्या टाकीत) ठेवायला हवी होती. त्यातही खोलीच 40 अंशांवर असेल तर साधा बाथ 30 अंश धरूच शकत नाही, त्याला फक्त तापवता येतं. म्हणून 50 आणि 60 अंशांची रीडिंग मी उन्हाळ्यात उरकली, 30 ची थंडीत घेतली. खान्देशात काम करणार असाल तर वेळापत्रक असंच आखा.

अर्क शक्यतो पाण्यातच काढा. मिथेनॉलमध्ये काढून त्याला पर्यावरणपूरक म्हणणं मला पटत नाही. पण पाण्यातला अर्क आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाही. माझी बाटली बाहेर राहिली, दोन दिवसांत फेस आला, आंबूस वास सुटला. तेव्हापासून साल सावलीत वाळवून पूड करून ठेवते आणि अर्क लागेल तेवढाच, त्याच दिवशी काढते.