जुन्या संगणकात कोणतं लिनक्स टाकायचं? आधी तो वापरणार कोण ते बघा

आमच्या वाचनालयात चार संगणक आहेत. दोन डेस्कटॉप पतसंस्थेने नवे घेतले तेव्हा आम्हाला दिले, आय३ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅमचे. एक लॅपटॉप मुंबईला राहणाऱ्या सभासदाने दिलेला, सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी. चौथा सगळ्यांत जुना, कोअर टू ड्युओ, २ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे आमचे चारही बाद. चालू स्थितीतली यंत्रं भंगारात द्यायला माझं मन होईना. आज चारही लिनक्सवर चालतात, पण चौघांत एकच लिनक्स नाही. असं का केलं ते सांगते, म्हणजे तुमच्या घरच्या यंत्राचा निर्णय तुम्हाला घेता येईल.

लिनक्स म्हणजे मुळात फक्त कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा गाभा. तो १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने सुरू केला. त्याच्याभोवती डेस्कटॉप, प्रोग्रॅम आणि अपडेटची व्यवस्था रचून जे पूर्ण पॅकेज तयार होतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही सगळी त्यातलीच. पैसे पडत नाहीत ही गोष्ट चांगलीच, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की आतली रचना उघडी आहे आणि एकदा उतरवलेली प्रत मी गावातल्या कुणालाही बिनदिक्कत देऊ शकते. पुस्तकं देण्याघेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

आता निवड. लोक पहिला प्रश्न विचारतात, "ताई, सगळ्यांत भारी लिनक्स कुठलं?" मी उलट विचारते, "संगणकावर बसणार कोण, आणि बसून करणार काय?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय पेनड्राईव्हला हात लावू नका.

बाजारपेठेतले एक दुकानदार लॅपटॉप घेऊन आले होते. दिवसभर काम टॅलीवर, महिन्याला जीएसटी. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, तुमचं यंत्र विंडोजवरच राहू द्या, लागलं तर यंत्र बदला. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, आणि धंद्याचे हिशेब जुगाडावर चालवू नयेत. छापखानेवाल्यांचंही तेच. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या आणि पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका साठलेल्या असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच अक्षरसंकेतात, नाही, त्यामुळे दुसरीकडे उघडला की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. आधी तो युनिकोडमध्ये आणायचा, मग पुढचा विचार.

पण ज्यांना पेपर वाचायचे, ऑनलाइन फॉर्म भरायचे, पत्र-अर्ज टाइप करायचे, मुलांचे प्रकल्प करायचे, व्हिडिओ बघायचे, त्यांना लिनक्स पुरून उरतं. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस बहुतेक डिस्ट्रोत आधीपासून असतात. वर्डच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मात्र तक्ते आणि रकाने कधी कधी सरकतात. म्हणून पुढे पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा.

माणूस कळला की यंत्र बघा. विंडोज अजून चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर रॅम किती आणि डिस्क एचडीडी (फिरत्या तबकडीची, जुनी) की एसएसडी (चिपवर चालणारी, वेगवान) हे दोन्ही दिसतं. एचडीडी असेल तर डिस्ट्रोवर डोकं शिणवण्याआधी एसएसडी बसवा. आमच्या आय३ वर चालू व्हायला जो वेळ लागायचा त्यात चहा होऊन जायचा. २४० जीबीची साधी साटा एसएसडी घातली आणि तेच यंत्र अर्ध्या मिनिटात उघडू लागलं. एवढा फरक कुठल्याच डिस्ट्रोने पडला नसता.

८ जीबी रॅम असेल आणि माणूस विंडोजला सरावलेला असेल, तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. नवख्या माणसाचा हात आपोआप योग्य जागी जातो. ४ जीबी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती, दिसायला थोडी साधी पण हलकी. आमच्या दोन्ही आय३ वर तीच आहे. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. घरच्या यंत्रासाठी ही मुदत फार महत्त्वाची. फेडोरा उत्तम आहे, पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिनेच आधार मिळतो. ज्याला त्यात रस आहे त्याने जरूर घ्यावं. ज्याला फक्त वीजबिल भरायचंय त्याला वर्षाला हा व्याप कशाला? सतत बदलत राहणाऱ्या, ज्यांना रोलिंग म्हणतात त्या डिस्ट्रोंचंही तेच.

लॅपटॉपवर मी डेबियन टाकलं, आणि त्याला कारण आहे. आमचा ग्रंथसंग्रह कोहा या मुक्त प्रणालीवर आहे. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयाने ती करून घेतली, २००० च्या जानेवारीत ती चालू झाली, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती डेबियनवर सरळ बसते. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात, ते सावकाश बदलतं, आणि कामाच्या यंत्राला तेच हवं. पूर्वी डेबियनमध्ये वायफायचं फर्मवेअर, म्हणजे ते चालायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, वेगळं शोधावं लागायचं. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते सोबतच येतं, त्यामुळे आता नवख्यालाही जमेल.

कोअर टू ड्युओवर डेबियनच, पण एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घेऊन. इथे खरं सांगायला हवं. २ जीबीत लिनक्स छान चालतं, ब्राउझर मात्र नीट चालत नाही. चार टॅब उघडले की यंत्र गुदमरतं. म्हणून ते यंत्र आम्ही सूची शोधायला आणि टायपिंगच्या सरावाला ठेवलंय.

दोन-तीन नावं मनात आली की लगेच विंडोज पुसू नका. पेनड्राईव्हवरून चालवून बघा. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे एका फायलीत बांधलेलं पूर्ण डिस्ट्रो, जवळपास ३ जीबीची असते, रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात बसत नाही. टॉरेंटने उतरवा, मध्ये रेंज गेली तरी उरलेलं पुढे चालू होतं. उतरल्यावर संकेतस्थळावर दिलेला एसएचए२५६ आकडा जुळवून बघा, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे कळतं. मग १६ जीबीच्या पेनड्राईव्हवर व्हेंटॉय हा, त्यावरून यंत्र चालू करता येईल असं करणारा, प्रोग्रॅम घाला आणि आयएसओ फायली त्यावर नुसत्या कॉपी करा. एकाच पेनड्राईव्हवर मिंट, डेबियन, उबुंटू, सगळी राहतात. यंत्र चालू करताना डेल आणि लेनोवोत बहुधा एफ१२, एचपीत एफ९ दाबलं की पेनड्राईव्ह निवडता येतो.

असं चालवलं की डिस्कवरचं काही हलत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर तो जागा होतो का, हे सगळं बघा. प्रिंटर तर आवर्जून. आमचा छोटा लेसर प्रिंटर विंडोजवर वर्षानुवर्षं चालला, लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर काही बसला नाही, आणि शेवटी दुसरा घ्यावा लागला. हे आधी पेनड्राईव्हवर बघितलं असतं तर मार्च अखेरच्या घाईत पळापळ झाली नसती.

आणि मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी) जोडा आणि एक शब्द टाइप करा: दुसऱ्या. ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. पडद्यावर 'स'नंतर 'या'ला चिकटलेली ती आडवी चंद्रकोर उमटली, की कीबोर्ड आणि फॉन्ट दोन्ही ठीक. तिथे रफार चढून 'दुसर्या' झालं, तर आधी शिफ्ट राहिलं का बघा, नाहीतर लेआउट मराठीचा नाही. मग 'ल' आणि 'श' लिहून बघा. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि फॉन्टमध्ये सोय असली की ही अक्षरं मराठी वळणाची दिसतात, नाहीतर हिंदी वळणाची. आमच्याकडे रोज येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा 'श' आपला नाही ना?" त्या दिवसापासून मी हे आधी तपासते. इनस्क्रिप्ट येत नसेल तर आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्रॅम बसवून उच्चाराप्रमाणे टाइप करता येतं.

दोन दिवस पेनड्राईव्हवर चाललं आणि जो वापरणार त्याने होकार दिला, की मगच कायमचं बसवा. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते. पहिल्या डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क होत्या. एसडीए आणि एसडीबी, म्हणजे लिनक्सने त्या दोन डिस्कना दिलेली नावं, यांत गोंधळ करून मी 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय दुसऱ्या डिस्कवर चालवला. त्यावर ११०० पुस्तकांच्या दाखल नोंदी होत्या, दुसरी प्रत कुठेच नव्हती. रजिस्टरवरून त्या पुन्हा टाइप करायला पावसाळा गेला. तेव्हा आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, ती डिस्क काढून ठेवा, आणि कोणत्या डिस्कची किती जीबी हे कागदावर लिहून मगच पुढचं बटण दाबा. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. आमच्याकडे जूनमध्ये लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

बसवून झालं की सगळे अपडेट घ्या. मिंटमध्ये टाइमशिफ्ट लावून ठेवा, एखादा अपडेट बिघडला तर यंत्र कालच्या स्थितीवर परत नेता येतं. तुमच्या फायलींची प्रत मात्र वेगळीच ठेवायची, टाइमशिफ्टचं ते काम नाही.

आमच्या टेबलाच्या खणात एक दोनशेपानी वही आहे. प्रत्येक यंत्राला एक पान: काय टाकलं, कोणत्या तारखेला, कुठला प्रिंटर जोडला, कुणी काय तक्रार केली. दोन्ही मिंटच्या पानांवर सगळ्यांत वर लाल शाईने लिहून ठेवलंय, एप्रिल २०२९.