डीलर लीजवर पुन्हा सही मागतो तेव्हा

शनिवारी संध्याकाळी आम्ही कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातल्या) एका डीलरकडून गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मासिक हप्त्याने वापरून परत द्यायच्या बोलीवर, घेतली. ३६ महिने, हप्ता टॅक्स सोडून ४१९ डॉलर २५ सेंट, २,५०० डॉलर डाऊन पेमेंट आणि आमची जुनी सेडान ट्रेड-इनमध्ये, म्हणजे तिची किंमत धरून डीलरला दिलेली. पुढच्या शुक्रवारी फायनान्स मॅनेजरचा फोन आला. "एक कागद राहिलाय, पाच मिनिटांचं काम आहे, येताना तुमच्याकडची फाईलही आणा." मी दुपारच्या सुट्टीत गेले. टेबलावर एक कागद नव्हता, अख्खं नवं करारपत्र होतं. हप्ता ४६० डॉलर ८० सेंट, आणि तारीख मात्र मागच्या शनिवारची.

मी सही केली नाही. त्यानंतर नवव्या दिवशी गाडी परत करून, पैसे आणि जुनी गाडी घेऊन आम्ही त्या व्यवहारातून बाहेर पडलो. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या चार घरांना असाच फोन आला. त्यातली दोन घरं भारतातून नुकतीच आलेली, क्रेडिटचा इतिहास (कर्जफेडीची नोंद) जेमतेम वर्षाचा. दोघांनीही घाबरून सही केली, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. गाडी घेतल्यावर तीन दिवसांत मन बदलता येतं, असं पुष्कळांना वाटतं. फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकहित पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) तीन दिवसांचा नियम दारावर येऊन किंवा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी आहे. डीलरच्या कायमच्या शोरूममध्ये केलेल्या व्यवहाराला तो लागू नाही. कॅलिफोर्नियाच्या लीज करारावर तर सहीजवळच स्पष्ट छापलेलं असतं: नुसतं मन बदललं किंवा गाडी महाग वाटली म्हणून लीज रद्द होत नाही, दुसऱ्या बाजूची संमती लागते किंवा फसवणुकीसारखं कायदेशीर कारण. लीज मध्येच मोडायची म्हटलं तर दंड हजारोंच्या घरात जातो.

पण डीलर स्वतः पुन्हा सही मागतो तेव्हा चित्र पालटतं. जुना करार पक्का आणि त्याला चालणारा असता, तर त्याला तुमची सही कशाला लागली असती? त्याला काहीतरी बदलायचंय आणि ते तुमच्या सहीशिवाय बदलत नाही. एरवी बंद असलेला दरवाजा त्याने स्वतः उघडलेला असतो. सही केलीत की तो पुन्हा बंद होतो.

हे का घडतं ते समजून घ्या, म्हणजे समोरचा काय बोलतोय ते कळेल. लीजवर पहिली सही डीलर घेतो आणि मग तो करार फायनान्स कंपनीकडे सोपवतो. गाडी तुमच्या ताब्यात शनिवारीच येते, फायनान्स कंपनीचा होकार मात्र सोमवार-मंगळवारपर्यंत आलेला नसतो. कंपनीने तुम्हाला वरच्या श्रेणीत बसवलं नाही, एखादी सवलत महिनाअखेर संपली होती, किंवा डीलरने आकडाच चुकवला, तर करार परत येतो. कधी खरोखरच किरकोळ दुरुस्ती असते: व्हिन नंबरमधला (गाडीच्या ओळख क्रमांकातला) एक अंक, ओडोमीटरचा आकडा, राहिलेली एक आद्याक्षरी. अशी दुरुस्ती मी बिनदिक्कत करून देईन. म्हणून फोनवर पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: नेमकं काय बदलतंय, आणि ते मला ईमेलवर पाठवाल का? "इथे या, समजावून सांगतो" असं उत्तर आलं, तर बदल पैशाचा आहे असं समजून चाला.

आता जुना करार काढा आणि शांतपणे वाचा. त्याआधी प्रत्येक पानाचा, मागच्या बाजूसह, फोटो काढून ठेवा. मूळ प्रत घेऊन डीलरकडे जाऊ नका आणि ती त्यांना परत देऊ नका. माझी फाईल त्यांनी का मागवली होती, हे मला टेबलापाशी उलगडलं. करारात, किंवा त्याला जोडलेल्या वेगळ्या पानावर, फायनान्स कंपनीने करार घेतला नाही तर डीलर तो रद्द करू शकेल असं कलम आहे का ते शोधा. बारीक अक्षरात असतं. किती दिवसांत, लेखी कळवून की नुसतं तोंडी, आणि रद्द झाल्यावर तुमचं काय काय परत येणार, या तीन गोष्टी पेन्सिलने अधोरेखित करा.

आमच्या कलमात दहा दिवस आणि लेखी सूचना असं होतं. करार रद्द करायचा हक्क डीलरला होता, पण वाढीव हप्त्याच्या नव्या करारावर सही करायला लावायचा हक्क त्यात कुठेच नव्हता. फायनान्स मॅनेजर दोन्ही एकच असल्यासारखं बोलत होता. असं कलमच नसेल किंवा मुदत उलटून गेली असेल, तर तुमची बाजू आणखी भक्कम: जुना करार आहे तसा पाळा, असं तुम्ही म्हणू शकता.

मग आकडे. १९७६च्या कन्झ्युमर लीजिंग अॅक्टखालच्या रेग्युलेशन एमनुसार डीलरला सहीआधी ठरावीक आकडे लेखी द्यावे लागतात: अॅडजस्टेड कॅपिटलाइज्ड कॉस्ट (थोडक्यात कॅप कॉस्ट: डाऊन पेमेंट वगैरे वजा करून लीजसाठी धरलेली गाडीची किंमत), रेसिड्युअल व्हॅल्यू (मुदत संपताना गाडीची उरणारी अंदाजी किंमत), डेप्रिसिएशन (घसारा, म्हणजे या दोन्हींतला फरक), रेंट चार्ज (व्याजासारखा आकार), मासिक हप्ता. मनी फॅक्टर, म्हणजे लीजमधला व्याजदर दाखवणारा दशांश आकडा, छापायची मात्र सक्ती नाही, आणि बदल बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो. तो काढायचा असा: रेंट चार्जला महिन्यांनी भागा, आलेल्या आकड्याला कॅप कॉस्ट अधिक रेसिड्युअलच्या बेरजेने भागा. आमचं गणित देते. कॅप कॉस्ट ३४,०००, रेसिड्युअल २१,४००. फरक १२,६००, म्हणजे घसाऱ्याचे महिन्याला ३५० डॉलर. जुन्या करारात रेंट चार्ज २,४९३ डॉलर होता, म्हणजे महिन्याला ६९.२५, त्याला ५५,४०० ने भागलं की ०.००१२५. याला २,४०० ने गुणलं की साधारण वार्षिक व्याजदर मिळतो: ३ टक्के. नव्या करारात रेंट चार्ज ३,९८८ डॉलर ८० सेंट. तेच गणित केलं तर ४.८ टक्के. गाडी तीच, मुदत तीच, आणि १,४९५ डॉलर ८० सेंट जास्त. "महिन्याला फक्त चाळीसेक डॉलर" असं तो तीनदा म्हणाला होता.

जुन्या तारखेचं काय, असं मी विचारलं तेव्हा "ती पद्धतच आहे" असं उत्तर मिळालं. कुठल्याही परिस्थितीत मागची तारीख घातलेल्या करारावर सही करू नका. आज केलेली सही आजच्याच तारखेची हवी. नाहीतर नवा करार अस्तित्वात नव्हता त्या दिवसांचंही शुल्क तुमच्या माथी येतं आणि पहिला करार कधी झालाच नव्हता असं कागदावर दिसतं. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या अपील कोर्टाने अशाच जुन्या तारखेच्या दुसऱ्या करारावरून डीलरविरुद्ध निकाल दिला. तो करार खरेदीचा होता, लीजचा नव्हता, पण दुखणं हेच होतं.

बाहेर पडायचं नक्की केलंत की बोलणं थांबवा, लिहायला लागा. मी त्याच रात्री ईमेल पाठवली, चार वाक्यांची. आमचा अमुक तारखेचा करार आहे. नव्या अटींवर आम्ही सही करणार नाही. तुम्ही जुना करार पाळणार आहात का, ते कळवा. पाळणार नसाल तर तो रद्द केल्याचं लेखी द्या, आणि डाऊन पेमेंट, ट्रेड-इन गाडी व भरलेली सर्व फी परत मिळण्याची वेळ सांगा. राग नाही, आरोप नाही. क्रेडिट रिपोर्ट पाहून फायनान्स कंपनीने नकार दिला असं ते म्हणत असतील, तर नकाराची नोटीस मागा. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्टप्रमाणे तो तुमचा हक्क आहे. कोणत्या क्रेडिट ब्युरोचा (कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा) रिपोर्ट वापरला हे त्यात असतं आणि ६० दिवसांत तो रिपोर्ट फुकट मागवता येतो. अशी नोटीस निघालेलीच नसेल, तर "तुमच्या क्रेडिटमुळे" हे कारण खरं होतं का, याचा अंदाज तुम्हालाच येईल.

दोन दिवस धमकावणीचे फोन आले. गाडी उचलून नेऊ, क्रेडिट खराब होईल. हे हलक्यात घेऊ नका, पण हातपायही गाळू नका. डीलरने कलमाप्रमाणे लेखी रद्द केल्यावर तुम्ही गाडी अडवून धरलीत, तर तो ती उचलू शकतो. म्हणून रद्द झाल्याचं पत्र आलं की परत देण्याची वेळ लगेच ठरवायची आणि तोवर गाडी शक्यतो चालवायची नाही. मधल्या काळात "जरा सेन्सर तपासायचाय" म्हणून गाडी आणायला सांगितलं तर नेऊ नका. भारतातून नुकत्याच आलेल्या त्या दोन घरांपैकी एका जोडप्याला व्हिसाची भीती घातली गेली. डीलरशी कराराचा वाद ही दिवाणी बाब आहे, व्हिसाशी तिचा संबंध नाही.

ट्रेड-इनवर विशेष लक्ष ठेवा. "तुमची गाडी लिलावात गेली" हे वाक्य मला सांगण्यात आलं. नवरा इमारतीच्या मागच्या बाजूला चालत गेला, तर मागच्या काचेवर मुलीच्या शाळेचं स्टिकर असलेली आमची सेडान तिथेच उभी. त्याने फोटो काढला. खरोखर विकली असेल, तर करारात लिहिलेली तिची किंमत रोख मागा. जुन्या गाडीवर कर्ज असेल तर ते कोण आणि कधी फेडणार हे लेखी घ्या, कारण बँक हप्ता तुमच्याकडेच मागणार.

परत देण्याच्या दिवशी घाई करायची नाही. करार दोन्ही बाजूंच्या संमतीने रद्द, कोणाचं कोणाला देणं नाही, असा एका पानाचा कागद, त्यावर त्यांच्या अधिकाऱ्याची सही. ओडोमीटरचा आणि चारही बाजूंचा फोटो. आमची गाडी २१२ मैल चालली होती. मैलामागे पैसे मागायचा त्यांनी प्रयत्न केला. करारात तसं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटल्यावर विषय संपला. किल्ली एका हाताने, चेक दुसऱ्या हाताने. चेक "पोस्टाने पाठवतो" म्हणाले तर किल्ली खिशातच राहू द्या. गाडीचा विमा मात्र त्या कागदावर सही होईपर्यंत चालू ठेवा, आणि जुन्या गाडीचा काढून टाकला असेल तर ती रस्त्यावर आणण्याआधी पुन्हा सुरू करा.

पैसे अडकलेच तर कॅलिफोर्नियात डीलरचं लायसन्स डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन विभागाच्या) हातात असतं. तिथल्या तपास विभागाकडे, राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे आणि फायनान्स कंपनीबद्दल असेल तर सीएफपीबीकडे (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) तक्रार करता येते. स्मॉल क्लेम्स कोर्टात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, वकील लागत नाही. रक्कम मोठी असेल किंवा सही खोटी केली असेल, तर मात्र ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाकडेच जा.

दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढून रद्द झालेली लीज चुकून खात्यावर चढली नाही ना, ते पाहा. आणि पुलावरून गाडी नेली असेल, तर फास्टट्रॅकच्या (पुलांचा टोल आपोआप कापणाऱ्या) खात्यातून तिचा तात्पुरता नंबर काढून टाका. ती गाडी दुसऱ्या कोणाला दिली जाईल, आणि डम्बार्टन पुलाचा टोल तुमच्या खात्यातून जाता कामा नये.