एएलएल झालेल्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट कसा वाचावा

अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजेच एएलएल (रक्ताचा कर्करोग), हा लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. या काळात सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, असंख्य रिपोर्ट हाती येतात. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचे आकडे तारखेनुसार वहीत उतरवावेत. रक्त केव्हा चढवायचे ते डॉक्टर ठरवतात.

पालकांनी स्वतः काढायला शिकावे असा आकडा एकच: एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची प्रत्यक्ष संख्या. ती छापलेली नसेल, तर एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून 100 ने भागावे. बँड पेशी (पूर्ण न वाढलेले न्यूट्रोफिल) वेगळ्या दिल्या असल्यास त्यांची टक्केवारी आधी न्यूट्रोफिलच्या टक्केवारीत मिळवावी. आकडा हजारांत असेल, तर 3.0 म्हणजे 3000 हे ध्यानात ठेवावे.

माझ्या मुलीच्या वेळी मी फक्त एकूण पेशी पाहत असे. एकदा 3000 वाचून मी निर्धास्त झाले, पण न्यूट्रोफिल 12 टक्केच होते, म्हणजे एएनसी अवघा 360. त्याच रात्री तिला ताप आला, मी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहिली आणि सकाळी तिला अतिदक्षता विभागात न्यावे लागले.

एएनसी 500 च्या खाली असताना 100.4 फॅरेनहाइट ताप दिसला, की रात्रीचे दोन वाजले असले तरी उपचार करणाऱ्या रुग्णालयाला फोन करून निघावे, कारण शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर सुरू होणे आवश्यक असते. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये. त्याने ताप झाकला जातो, संसर्ग थांबत नाही. ‘खेळतोय ना, मग काही नाही’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नये, कारण न्यूट्रोफिल नसताना पू किंवा सूजही नीट दिसत नाही आणि मूल काही तासांत खालावू शकते. ताप गुदद्वारातून मोजू नये. पेशी वाढवण्यासाठी गव्हांकुराचा किंवा पपईच्या पानांचा कच्चा रस सुचवणारे नातेवाईक भेटतातच; अशा रसातून जंतू पोटात जाऊ शकतात, म्हणून मी तो ठामपणे नाकारते.

एएनसी कमी दिसला म्हणून मर्कॅप्टोप्युरिनची (एएलएलच्या उपचारातली केमोची) गोळी स्वतःहून बंद करू नये. मात्रा कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरच सांगतील.

शेवटचा रिपोर्ट आणि उपचारांची फाईल पिशवीत कायम भरून ठेवावी, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाला पूर्वी पाहिलेले असेलच असे नाही.