स्लीपमधून उठल्यावर वाय-फाय गायब?

लॅपटॉपचं झाकण उघडलं की नेट बंद, आणि रीस्टार्ट केल्याशिवाय येत नाही, असं वारंवार होत असेल तर आधी त्याच वाय-फायवर मोबाइल चालतोय का बघा. चालत असेल तर राउटरला हात लावू नका. अडचण लॅपटॉपमध्येच आहे.

बहुतेकदा कारण वीजबचतीचं असतं. झोपेत जाताना विंडोज वाय-फाय कार्डाची वीज तोडतं आणि जाग आल्यावर ते कार्ड नीट सुरू होत नाही. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा आणि समोर येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्समध्ये तुमच्या वाय-फाय कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' यासमोरची खूण काढा. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल, पण रोजची कटकट वाचते.

काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही. तिथे ड्रायव्हरकडे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळा, आणि तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. भलत्या 'ड्रायव्हर अपडेटर'च्या नादी अजिबात लागू नका. विंडोज अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर ड्रायव्हर टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी करून पाहा.

घाईत असाल तर त्याच कार्डावर राइट क्लिक करून डिसेबल, मग एनेबल करा. बहुतेक वेळा रीस्टार्टची गरज पडत नाही.